कल्ले

बेथेस्दाच्या वरच्या अंगाला, पाटीच्या दगडाच्या ढिगांखाली,
आमच्या शेडसमोर दोन मोटरसायकली उभ्या आहेत.
एक वडिलांची, एकोणीसशे अडुसष्टची.
दुसरी नेस्टाची, मंगळवारी आलेली,
जुन्या खाणीवरच्या तारेवरून पर्यटकांना घसरवून
तिनं कमावलेल्या पगारातून, छत्तीस हप्त्यांवर.

लांबून बघाल तर बहिणी.
तीच थेंबासारखी टाकी, मधोमध पांढरा पट्टा,
तीच दोन धुराडी एकावर एक, मांडीच्या उंचीची,
जणू दोघींनाही आत्ताच्या आत्ता ओढा ओलांडायचाय.

जवळ या.
नवीच्या सिलिंडरवर कल्ले आहेत,
ओतीव, सुबक, कडा घासून चकचकीत केलेले.
श्वास मात्र ती त्यांतून घेत नाही.
तिचं पाणी पुढच्या चाकामागे काळ्या जाळीत लपवलंय,
पाहुणे यायच्या आधी औषधं फडताळात ढकलतात तसं.
सगळं उलटंच:
पाण्यावर जगणारीचे कल्ले खोटे,
वाऱ्यावर जगणारीचे खरे.
आणि कार्बोरेटर? तोही मुखवटा.
झाकण काढलं तर आत वायरी, आणि एक डबी
जिचं गणित माझ्यापेक्षा चांगलं आहे.

"सोंग आहे," मी म्हणाले.
वडील काही बोलले नाहीत.
चौऱ्याऐंशीचे आहेत, कान सुरुंगांनी नेले.
इंजिन ते ऐकतात लांब स्क्रूड्रायव्हरनं,
टोक सिलिंडरवर, मूठ कानामागच्या हाडावर.
नवीला टोक टेकवलं. डोळे मिटले.
बराच वेळ.
"हिचं काही म्हणजे काही दुखत नाहीये,"
जरा हिरमुसूनच म्हणाले.

मग मी जुनीची बाजू घेतली. कुणीतरी घ्यायला हवी होती.
म्हटलं, हिच्याखाली बिस्किटांचा ट्रे ठेवते मी,
सकाळी तेलाचे थेंब मोजते
आणि रात्री थंडी किती होती ते सांगते.
नेस्टा हसली. "आई, याला गळती म्हणतात."

वडिलांनी ओठ वाचले असावेत.
"तू जन्मलीस त्या रात्री," ते म्हणाले,
"खिंडीच्या चढावर बंद पडली ही. पॉइंट ओले.
पायमोजा काढून पुसत बसलो, काडेपेटीच्या उजेडात.
पोचलो तेव्हा तू आठ तासांची होतीस
आणि तुझी आई माझ्याशी बोलत नव्हती.
तू हे गावभर प्रेमानं सांगत फिरतेस.
ही कधी कुणासाठी थांबली नाही, मेरेरिद.
ही नुसती थांबली."

यावर काय बोलणार.
मी किक मारली. चौथ्यांदा लागली.

तळ्यापर्यंत गेलो. ते नवीवर, नातीच्या मागे बसून,
तिच्या कमरेला हात घालून, एखाद्या मुलासारखे.
मी जुनीवर, त्यांच्या लाल दिव्यामागे,
मग दिवाही नाही, नुसती वळणं
आणि दोन गुडघ्यांमध्ये ती ऊब,
जी नवी कुणालाच देत नाही.
पोचले तेव्हा थर्मास अर्धा संपला होता.

नवीचा पंखा बंद झाल्यावरही थोडा फिरला होता म्हणे,
मग आपलं आपण आवरून गप्प.
जुनी मात्र बोलायला लागली.
टिक. टिक टिक. टिक.
तापलेलं लोखंड वाऱ्यात आकसत होतं, कल्ला कल्ला करून.

वडिलांना ते ऐकू येत नाही. वीस वर्षं नाही.
नेस्टा गुडघ्यांवर बसली, इंजिनाला कान देऊन,
आजोबांचा हात मांडीवर ओढला,
आणि प्रत्येक टिकेला एक बोट
त्यांच्या मनगटावर टेकवत राहिली.
आधी भराभर. मग सावकाश.
मग इतकी सावकाश
की शेवटची टिक होऊन गेली की यायचीये
हे तिला कळेना,
आणि बोट उचललेलं तसंच राहिलं,
वडील त्याच्याकडे बघत.